मोडीत काढलेल्या यंत्रांचे उत्तरायुष्य

सरकारी कचेरीत ज्यांची हयात गेली त्यांना 'निर्लेखन' हा शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. खुर्चीचा पाय मोडला, पंखा फिरेनासा झाला, जीपगाडी जागची हलेना, की एक समिती बसते, जडवस्तूंच्या नोंदवहीत त्या त्या ओळीपुढे शेरा मारते आणि ती वस्तू कागदोपत्री नाहीशी होते. या सर्व खटाटोपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, वस्तू आधी निकामी होते आणि शेरा नंतर पडतो. संगणकाच्या बाबतीत हा क्रम उलटला आहे. येथे शेरा आधी पडतो आणि यंत्र चालतच राहते. पडदा उजळतो, कळ दाबताच अक्षर उमटते, आतली चकती इमानाने फिरते. आणि तरीही ते यंत्र मोडीत निघाले असे आपणांस सांगण्यात येते, कारण त्यावरील कार्यप्रणालीची देखभाल करणाऱ्याने एक तारीख ठरवून दिलेली असते. 'विंडोज एक्सपी'ची ती तारीख ८ एप्रिल २०१४ ही होती. 'विंडोज १०'ची १४ ऑक्टोबर २०२५ ही झाली. पुढे काही अटींवर थोडी मुदतवाढ मिळाली खरी. पण 'विंडोज ११'ने सुरक्षेची एक ठरावीक चिप आणि ठरावीक पिढीपुढचाच प्रोसेसर मागितल्यामुळे असंख्य धडधाकट यंत्रे उंबरठ्याबाहेर राहिली ती राहिलीच.

हा शेरा मारण्याचा अधिकार नेमका कोणाचा, असा प्रश्न मनात धरून लिनक्सच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे तो इतिहास जरा निराळा दिसू लागतो. एरवी तो एका बुद्धिमान विद्यार्थ्याच्या पराक्रमाची कथा म्हणून सांगण्यात येतो, आणि ती कथाही काही खोटी नाही. परंतु जुना लॅपटॉप हाती घेऊन त्यावर लिनक्स चालवून पाहणाऱ्याला जी वस्तू उपयोगी पडते, ती पराक्रमापेक्षा त्यानंतरच्या तीसपस्तीस वर्षांत अनेकांनी केलेल्या रखवालीची देणगी आहे.

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्डस या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ५ जानेवारी १९९१ रोजी इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा एक संगणक घेतला. सगळी रक्कम जवळ नव्हती. उरलेली हप्त्यांनी फेडायची होती. यंत्राची स्मृती चार मेगाबाइट. आजच्या एखाद्या छायाचित्राला तेवढी जागा लागते. त्याला त्यावर 'मिनिक्स' ही प्रणाली चालवावयाची होती. अ‍ॅमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ती विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी १९८७ साली लिहिली होती. मिनिक्सच्या फ्लॉपी टपालाने येईपर्यंत हा गृहस्थ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नावाचा खेळ खेळत बसला होता, ही नोंद इतिहासात राहिली आहे, आणि ती राहिली हे बरेच झाले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्याने मिनिक्सच्या चर्चामंडळात कळविले की, आपण एक मोफत प्रणाली लिहीत आहोत. तो केवळ छंद आहे, काही मोठे प्रकरण होणार नाही. आणि आपल्याजवळ जी हार्ड डिस्क आहे तिच्याखेरीज दुसऱ्या जातीच्या डिस्कवर ती बहुधा कधीच चालणार नाही. सप्टेंबरात पहिली आवृत्ती निघाली. ती सुमारे दहा हजार ओळींची होती.

तेव्हा ही प्रणाली मुळात जुन्या यंत्रांसाठी निर्माण झाली नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ३८६ हे त्या काळचे चांगले यंत्र होते. जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबॉम आणि टोरवाल्डस यांच्यात जो प्रसिद्ध वाद झडला, त्यात प्राध्यापकांचा एक आक्षेप असाच होता की, हा गाभा एकाच जातीच्या प्रोसेसरला जखडून ठेवला आहे; प्रोसेसर येतात आणि जातात, प्रणालीने त्यांच्याबरोबर जाऊ नये. आक्षेप शास्त्रदृष्ट्या रास्त होता. मात्र काळाने त्याचे उत्तर फार मौजेचे दिले. गाभा निरनिराळ्या यंत्रांवर पसरला आणि ज्या ३८६ ला तो जखडलेला होता तेच यंत्र मागे पडले. त्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

लिनक्सचे निर्लेखन कोणा एकाच्या हाती राहू नये, याची तरतूद टोरवाल्डसने केलेली नव्हती. ती आधीच झालेली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका नव्या छपाईयंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. कागद अडकला की यंत्राने तसे कळवावे, एवढीच माफक अपेक्षा. परंतु मूळ संहिता त्यांना मिळाली नाही. आपल्या खोलीतले यंत्र आपणच दुरुस्त करू शकत नाही, हा अनुभव त्यांना इतका झोंबला की सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. या प्रकल्पाने उत्तमोत्तम अवजारे निर्माण केली. पण तिचे सर्वांत टिकाऊ अपत्य म्हणजे एक परवाना. मूळ संहिता पाहा, बदला, वाटा. फक्त पुढच्यालाही हीच मोकळीक द्या, एवढे त्याचे सार. १९९२ साली टोरवाल्डसने आपला गाभा या परवान्याखाली आणला. ज्या वस्तूची संहिता सर्वांजवळ आहे तिच्यावर अखेरचा शेरा मारणारी समिती कोठून आणणार? एकाने देखभाल सोडली तरी दुसऱ्याला ती उचलता येते. कोणी उचलीलच असे नव्हे, परंतु मनाई नाही. या 'मनाई नाही'त पुष्कळ काही सामावलेले आहे.

गाभा म्हणजे काही संपूर्ण प्रणाली नव्हे. त्याभोवती अवजारे, खिडक्या, लेखनाची साधने, छपाईची व्यवस्था, हे सारे जमवून जो संच तयार होतो त्याला वितरण म्हणतात. १९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी 'स्लॅकवेअर' आणि ऑगस्टात इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने 'डेबियन' सुरू केले. डेबियन हे नाव त्याने आपले नाव आणि आपल्या प्रेयसीचे, म्हणजे डेब्रा हिचे, नाव जोडून केले. ही दोन्ही वितरणे आजही चालू आहेत. परंतु त्या काळी लिनक्स 'करून पाहणे' ही गोष्ट आज वाटते तशी सोपी नव्हती. आधी हार्ड डिस्कची वाटणी करावयाची, मग फ्लॉपीमागून फ्लॉपी घालावयाची, आणि मधली एखादी खराब निघाली की पहिल्यापासून आरंभ. वाटणीत चूक झाली तर पूर्वीचे सारे कागद गेले. स्वतः टोरवाल्डसची गोष्ट प्रसिद्धच आहे: मोडेमला दूरध्वनीचा आकडा पाठवावयाचा तो त्याने अनवधानाने हार्ड डिस्कला पाठविला, आणि डिस्कवरचे मिनिक्स बिघडून बसले. परत मिनिक्स घालण्याऐवजी त्याने लिनक्सच पुरे करण्याचे ठरविले. निर्माता हे करू शकतो. पण ज्याच्या यंत्रात कन्येच्या लग्नाचा हिशेब आणि आईची शेवटची पत्रे आहेत, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे खरे उत्तर ३० सप्टेंबर २००० रोजी मिळाले, असे माझे मत आहे. चालती चकती ही कल्पना काही अगदीच नवी नव्हती; 'इग्ड्रासिल' नावाच्या वितरणाने १९९२ च्या अखेरीसच तसा प्रयत्न केला होता. परंतु जर्मन अभियंते क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' सादर केले तेव्हा ती कल्पना सर्वसाधारण माणसाच्या आवाक्यात आली. डेबियनवर आधारलेला हा संच एका सीडीत मावत असे. सीडीची धारणशक्ती ७०० मेगाबाइट. पण मजकूर दाबून बसविल्यामुळे सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज त्यात राही. सीडी घातली, यंत्र चालू केले, की पडदा, उंदीर, ध्वनी, जाळे यांची ओळख ते आपले आपण करून घेई आणि दोनचार मिनिटांत कामाला सिद्ध होई. हार्ड डिस्कला ते हात लावीत नसे. सीडी काढून यंत्र पुन्हा सुरू केले की पहिली स्थिती जशीच्या तशी. बिऱ्हाड न हलविता नव्या गावी चार दिवस राहून येण्याची ही सोय होती. बदलीच्या हुकमावर आयुष्य काढणाऱ्यांना तिचे मोल निराळे सांगावयास नको.

नॉपिक्सच्या वंशात पुढे जे निपजले ते आकाराने चिमुकले पण मनाने जिद्दी होते. 'डॅम स्मॉल लिनक्स' या काहीशा उद्धट नावाच्या वितरणाने स्वतःला ५० मेगाबाइटांची मर्यादा घालून घेतली. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या चकतीत बसेल एवढाच संसार. ४८६ जातीच्या यंत्रावर, १६ मेगाबाइट स्मृतीत, ते चालत असे. ऑस्ट्रेलियात बॅरी काउलर यांनी २००३ साली 'पपी लिनक्स' सुरू केले. त्याची युक्ती आणखी वेगळी. जुन्या यंत्रातील सर्वांत मंद भाग म्हणजे डिस्क. म्हणून संपूर्ण प्रणालीच सुरुवातीला स्मृतीत उचलून घ्यावयाची, डिस्कचे तोंड पाहावयाचे नाही, आणि काम संपताना आपले कागद एका फायलीत बांधून ठेवावयाचे. ग्रीसमधील थेसालोनिकी येथून २००७ पासून निघणारे 'अँटिएक्स' हेही याच जातकुळीतले. या वितरणांमागे मोठ्या पेढ्या नाहीत. काही थोडी माणसे, संध्याकाळचा वेळ आणि मोडीत निघालेल्या यंत्रांविषयीची एक प्रकारची ममता, एवढ्यावर ती उभी राहिली.

प्रस्तुत लेखकाने अलीकडे अशीच एक परीक्षा घेतली. यंत्र २००९ चे, स्मृती दोन गिगाबाइट, चार बदल्यांत चार शहरांचे पाणी प्यालेले. उजवीकडची बिजागरी सैल, बॅटरी नावापुरती. पेन ड्राइव्हवर अँटिएक्स उतरवून घेतले, यंत्र सुरू होताना एक कळ दाबून 'येथून आरंभ कर' असे सांगितले, आणि दीड मिनिटात स्वच्छ निळसर पडदा समोर आला. लेखन, हिशेबाचे तक्ते, पीडीएफ वाचन, ध्वनिमुद्रिका, हे सर्व विनातक्रार चालले. बिनतारी जाळ्याचे कार्ड मात्र ओळख देईना. ज्या कंपनीने ते कार्ड केले तिने त्याची आतली आज्ञावली खुली ठेवलेली नाही, त्यामुळे ती वेगळी आणून घालावी लागते. तोवर मोबाइल फोन तारेने जोडून काम भागविले. ही अडचण जुनी आणि सार्वत्रिक आहे. डेबियनच्या स्वयंसेवकांनी तत्त्वासाठी अशा बंद आज्ञावल्या आपल्या अधिकृत संचाबाहेर ठेवल्या होत्या. २०२२ साली त्यांनी मतदान घेऊन त्या संचात घेण्याचे ठरविले, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तसे झाले. तत्त्वनिष्ठेने माघार घेतली असे काहींना वाटले. मला वाटते, ज्याचे यंत्र जाळ्यालाच लागत नाही त्याला स्वातंत्र्याचे माहात्म्य सांगणे व्यर्थ आहे.

परंतु या परीक्षेची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो पक्षपात होईल. लिनक्स घातले की म्हातारे यंत्र तरणे होते, असे उत्साही लोक सांगतात, ते अर्धेच खरे आहे. प्रणाली हलकी राहिली, पण जग हलके राहिले नाही. ब्राउझर उघडून चारपाच पाने एकदम पाहू गेले की दोन गिगाबाइट स्मृती भरून जाते, यंत्र डिस्ककडे धाव घेते आणि बैलगाडी चिखलात रुतल्यासारखे होते. यावर प्रणाली बदलण्याइतकाच, किंबहुना अधिक, गुण फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्याने येतो. आणि खर्चही बेताचाच. 'डॅम स्मॉल लिनक्स'चाच दाखला घ्यावा. २००८ नंतर थांबलेले हे वितरण २०२४ साली पुन्हा निघाले तेव्हा त्याच्या कर्त्याने मर्यादा ५० वरून ७०० मेगाबाइटांवर नेली. चौदा पट! संयमी माणसाला एवढे वाढावे लागले, तेथे इतरांची गोष्ट काय? 'लुबुंटू' या हलक्या म्हणून नावाजलेल्या वितरणाने तर २०१८ साली जाहीरच केले की, यापुढे जुनी यंत्रे हे आमचे मुख्य उद्दिष्ट राहणार नाही. शिवाय कचेरीच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी ते लिनक्सवर चालते की नाही हे आधी पाहून घ्यावे. पुष्कळदा सोबत मिळणारी आज्ञावली केवळ विंडोजसाठी असते.

आता त्या ३८६ विषयी. डिसेंबर २०१२ मध्ये हंगेरियन अभियंते इंगो मोल्नार यांनी ३८६ चा आधार गाभ्यातून काढून टाकण्याचा प्रस्ताव ठेवला. एका प्राचीन प्रोसेसरच्या विचित्र खोडी सांभाळण्यासाठी नव्या संहितेत जागोजाग तजविजी कराव्या लागत होत्या, आणि त्याचा भार सर्वांवर पडत होता. टोरवाल्डसने प्रस्ताव स्वीकारला. आपण भावनाविवश होणारे नाही, असेही सांगितले. ज्या यंत्रासाठी त्याने हप्ते भरले, ज्याच्यासाठी लिनक्स जन्मले, त्याच जातीचे यंत्र फेब्रुवारी २०१३ मध्ये निघालेल्या ३.८ या आवृत्तीपासून लिनक्सला परके झाले. २०२५ साली याच मोल्नार यांनी ४८६ लाही निरोप देण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा निर्लेखन येथेही होते. फरक आहे तो रीतीत. प्रस्ताव सर्वांसमक्ष येतो, कारणे लिहून दिली जातात, कोणालाही हरकत घेता येते, आणि जुनी संहिता जागच्या जागी राहते. ज्याला आपले ३८६ चालवावयाचे आहे त्याने जुना गाभा घ्यावा व स्वतः सांभाळावा. हा फरक लहान नाही. पण त्याला अमरत्वही म्हणता येत नाही.

आपल्या देशात या चळवळीने सरकारी दालनात प्रवेश केला तो थोडा उशिरा. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, हे डेबियनवर आधारलेले वितरण काढले. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त आज्ञावल्यांचा स्वीकार करण्याचे धोरण जाहीर केले. संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली 'माया' नावाची उबुंटूवर आधारलेली प्रणाली आपल्या संगणकांसाठी घेतली. केरळाने मात्र सर्वांत अधिक काम केले. २००१ साली सुरू झालेल्या तेथील 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पाने शाळाशाळांत लिनक्स नेले, आणि २०१७ साली त्याचे 'काइट' या संस्थेत रूपांतर झाले. त्या राज्यात नेमणुकीवर असलेल्या वाचकांच्या मुलांनी शाळेत बहुधा तेच पाहिले असेल.

मराठी लिहिणाऱ्याला यातून काय मिळाले, हा प्रश्न या पत्रिकेत विचारलाच पाहिजे. योगायोग असा की, १९९१ हे साल लिनक्सचे तसे देवनागरीचेही आहे. भारतीय लिप्यांचे 'इस्की' मानक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही पुढे कित्येक वर्षे आपल्या कचेऱ्यांत जे टंकलेखन झाले ते निराळ्याच पद्धतीचे. आत रोमन अक्षरांचे संकेत आणि वर देवनागरीचा मुखवटा. तो विशिष्ट फॉन्ट असेल तोवर मजकूर मराठी. नसेल तर निव्वळ चिन्हांचा कचरा. जुन्या लॅपटॉपवर नवे वितरण घातल्यावर अनेकांना पहिला धक्का बसतो तो येथेच. वीस वर्षांपूर्वीचे टिपण, नाटकाचा अर्धा राहिलेला अंक, मंडळाच्या गणेशोत्सवाचा अहवाल, सारे उघडते पण वाचता येत नाही. दोष लिनक्सचा नव्हे. मुखवटा उतरला एवढेच. अशा मजकुराचे युनिकोडात रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार पुन्हा डोळ्यांखालून घालावे लागतात. जुने यंत्र मोडीत देण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे, कारण तो फॉन्ट बहुधा त्याच यंत्रात शिल्लक असतो.

युनिकोडातही मराठीची दखल एकदम घेतली गेली नाही. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतील तो आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. त्याची सोय द्राविडी उच्चारांसाठी ठेवलेल्या ऱ या अक्षराच्या आधाराने करावी लागली. 'ॲ' हे अक्षर तर २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत दाखल झाले. तोवर 'अ' वर चंद्र बसविण्यासाठी निरनिराळ्या युक्त्या चालत, आणि एका यंत्रावर नीट दिसणारा शब्द दुसऱ्यावर विस्कटे. लिनक्सवर ही अक्षरे सुबक दिसू लागली ती मुक्त फॉन्टांमुळे. २००४ साली रेड हॅट कंपनीने खुले केलेले 'लोहित' फॉन्ट त्यांत अग्रेसर. आज कोणतेही चांगले वितरण घेतले तरी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतो. तो निवडावयाचा, की लिहावयास सुरुवात. माझ्या त्या सोळा वर्षांच्या यंत्रावर 'दुसऱ्या' हा शब्द पहिल्या प्रयत्नात शुद्ध उमटला.

राहता राहिला प्रश्न आणखी जुन्या यंत्रांचा, ज्यांचा प्रोसेसर ३२ बिटांचा आहे. एकेक वितरण त्यांना सोडून जात आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने या यंत्रांसाठी गाभा आणि स्थापनेचा संच देणे बंद केले. बाराव्या आवृत्तीची देखभाल जून २०२८ पर्यंत होत राहील. त्यानंतरही कोणी ना कोणी काही वर्षे त्यांना जगवील. मात्र एक अडचण अशी आहे की तिला कोणाचा हुकूम लागत नाही. या यंत्रांच्या जुन्या आज्ञावल्या १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात. खुद्द गाभ्यात यावर २०२० साली उपाय झाला. डेबियननेही तेराव्या आवृत्तीत इतर यंत्रांसाठी मोठा आकडा स्वीकारला. पण इंटेलच्या जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठी मुद्दाम स्वीकारला नाही, कारण तसे केले असते तर त्यांच्यासाठी पूर्वी लिहिलेल्या आज्ञावल्या चालल्याच नसत्या. त्या आज्ञावल्यांपैकी ज्या तोवर वापरात असतील त्यांचा आकडा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की भरेल, आणि पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी १३ डिसेंबर १९०१ उजाडेल.